जवाचं सत्त्व

विलायतेहून मी घरी बरीच पत्रं पाठवली. त्यांतलं एकच बाबांनी जपून ठेवलं, आणि नेमकं त्याच पत्रात मी धडधडीत खोटं लिहिलं होतं. आता बाबा नाहीत, पत्राचा कागद घडीवर फाटला आहे, आणि माझेही दात बरेचसे गेले आहेत. तेव्हा झालं ते सांगून टाकायला हरकत नाही. खरं म्हणजे हरकत तेव्हाही नव्हती. हिंमत नव्हती.

आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. वेशीच्या आत आलं की डाव्या हाताला बाबांचं किराण्याचं दुकान. जिल्ह्यात दारूबंदी होती, पण आमच्या दुकानात ती सरकारपेक्षा कडक होती. खादीची टोपी घालून बाबा गादीवर बसले की दारू हा शब्दसुद्धा कोणी मोठ्यानं काढत नसे. माझ्या एका मामाला ताडी प्यायल्याच्या नुसत्या संशयावरून त्यांनी ऐन दिवाळीत ओसरीवरूनच परत पाठवलं होतं. मामा बिचारा फराळाचा डबा घेऊन उभा होता. डबा ठेवून घेतला, मामाला जायला सांगितलं.

आमचा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. नागपूरला मी तेलांचं रसायनशास्त्र शिकलो आणि एका शिष्यवृत्तीवर वर्षभरासाठी इंग्लंडला गेलो. निघताना बाबांनी मला शपथबिपथ काही घातली नाही. आपल्या पोराला तशी गरज नाही, असं त्यांनी धरूनच चाललं होतं. घातली असती तर मी एक तर ती पाळली असती किंवा मोडताना निदान थोडा घाबरलो असतो.

तिथल्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी आम्हां सात-आठ परदेशी पोरांना एका शनिवारी आगगाडीत बसवलं आणि एका लहानशा गावी नेलं. आंबवण्याचं शास्त्र पुस्तकात वाचलंत, आता डोळ्यांनी पाहा, म्हणाले. तिथे बिअरचा एक कारखाना होता, दोनशे वर्षांचा जुना. स्टेशनावर उतरलो तेव्हाच वास आला. वळणावळणानं चालत गेलो तसा तो वाढत गेला, आणि कारखान्याच्या फाटकाशी मी एकदम उभाच राहिलो. चैत्रात आमच्या गावामागच्या गोंडांच्या वस्तीवरून वारा आला की आंबत्या मोहफुलांचा जो गोडसर वास यायचा, तो हा वास होता. पाच महिने मी त्या देशात धुकं, कोळसा आणि उकडलेली कोबी याशिवाय काही हुंगलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बरोबरच्या सिलोनच्या पोरानं विचारलं, सर्दी झाली का? मी हो म्हटलं.

चामड्याचा एप्रन बांधलेल्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. तांब्याचे हंडे असे की एकेकात आमचं अख्खं दुकान मावावं. जव भिजवायचे, मोड आणायचे, भाजायचे, उकळायचे, त्यात हॉप नावाच्या वेलाची कडू फुलं टाकायची, आणि मग ते पाणी लाकडी पिंपांत आंबत ठेवायचं. भिंतीवर मालकांच्या सात पिढ्यांच्या तसबिरी होत्या. म्हातारा दर पिंपापाशी थांबून त्यावर हात ठेवायचा, जसा गोठ्यात शिरल्यावर आपण एकेका बैलाच्या पाठीवर ठेवतो. मध्येच त्यानं मला विचारलं, तुमच्या मुलखात कशाची करतात?

मी म्हटलं, आमच्याकडे असलं काही नसतं.

त्याला माझी मनापासून कीव आली. त्या किवेतच त्यानं मला पहिला पेला भरून दिला. घोट कडू लागला. दुसऱ्या पेल्याला तक्रार उरली नव्हती. निघताना त्यांनी पाहुण्यांची वही पुढे केली. इंग्लंडात आल्यावर घेतलेलं नवं पेन काढून मी झोकात लिहिलं की अशी जुनी कला जपलीच पाहिजे, आणि खाली लफ्फेदार सही ठोकली.

त्या रविवारी घरी पत्र लिहायचं होतं. आठवड्यात सांगण्यासारखं दुसरं काही घडलं नव्हतं, आणि न सांगता राहवत नव्हतं. मी लिहिलं: ‘काल येथील एक दोनशे वर्षांचा जुना कारखाना पाहिला. तेथे जवाचे सत्त्व काढतात. येथील लोक ते रोज घेतात. प्रकृतीस उत्तम.’ वाचून माझं मलाच हसू आलं. काय शब्द शोधला, असं वाटलं.

आता सत्त्व म्हणजे आमच्याकडे काय, तर नाचणीचं किंवा गव्हाचं, तान्ह्या पोरांना आणि दुखण्यातून उठलेल्यांना भरवतात ते. बाबांनी बाजाराच्या दिवशी दुकानात ते पत्र मोठ्यानं वाचलं. मग पुढच्या बाजाराला परत वाचलं. इंग्रज एवढे तांबूस आणि दणकट काऊन असतात, याचा गावाला उलगडा झाला. वर्षानं मी परत आलो तर शेजारच्या काकू कडेवर नातू घेऊन हजर. ‘एखादा डबा तरी आनाचा होता न त्या सत्त्वाचा! हा पाह्य, अंगच धरत नाई.’ आणि घरात पाहतो तर बाबा रोज सकाळी जव भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून पेलाभर पांढरं पाणी पीत होते. नाक दाबून प्यायचे, मिशी पुसायचे, आणि म्हणायचे, ‘फरक हाये.’ पत्र देवाच्या तसबिरीमागे खोचलेलं. मला त्या वेळी हसायलाही आलं आणि लाजही वाटली, पण हसू जास्त होतं.

दुकानात एक म्हातारी गोंडीण यायची. चारोळी, डिंक, मोहफुलं आणायची आणि मीठमिरची न्यायची. दिवाळीनंतर आमच्या वावरात कापूस वेचायला असायची. तिचा नवरा त्याच वावरात राखण करायचा. लहानपणी त्यानं मला खांद्यावर बसवून नदीपार नेल्याचं अजून आठवतं. मी विलायतेत असताना तो गेला. त्या दोघांची आपसात त्यांची गोंडी चालायची, आमच्याशी आमच्यासारखं बोलायची. गाव तिला बुढी म्हणायचं, मी माय म्हणायचो.

मी आल्यावर महिनाभरात ती दुकानात आली. बाबा पुढे गिऱ्हाइकाला गूळ तोडून देत होते. मी मागे गोणपाटावर बसलो होतो, ती माझ्यापाशी येऊन टेकली.

‘बाबू, शेठजी वाचून दाखवत होते ते. जवाचं. कसं काढतेत?’

गावात मला हे विचारणारी ती पहिली. बाकी सगळ्यांना डबा हवा होता. मला सांगायची एवढी हौस आली की मी तोंडच आवरलं नाही.

‘आधी भिजवतात, माय. मोड आणतात. मग उकळतात, त्यात फुलं टाकतात.’

‘फुलं?’

‘वेलाची. मग पिंपात ठेवून देतात.’

‘आंबू देतेत,’ ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

‘हो. फेस येतो वर.’

‘येतेच. मंग मडक्यावर मडकं ठेवून वाफ धरतेत.’

‘नाही. वाफ नाही धरत. तसंच गाळतात आणि पितात.’

तिनं पदर तोंडाला लावला आणि खुदखुदून हसायला लागली. ‘म्हंजे सडवाच पेतेत ते!’

सडवा म्हणजे वाफ धरण्याआधीचं मोहाचं आंबलेलं पाणी, अर्धंमुर्धं काम. सात पिढ्यांच्या तसबिरी, तांब्याचे हंडे, चामड्याचा एप्रन, आणि बुढीनं एका वाक्यात त्यांना अर्ध्या कामावर उठून जाणारे ठरवलं. मीही हसलो. विलायतेहून आल्यापासून इतका मोकळा मी हसलो नव्हतो.

मग ती डोळे पुसत म्हणाली, ‘हे त आपलंच काम हाये, बाबू.’ जरा मोठ्यानं म्हणाली. बाबांनी गुळाचा हात थांबवून मागे पाहिलं.

मी घाईनं म्हणालो, ‘नाही नाही, माय. तसं नाही ते. त्याला दारू नाही म्हणत. सत्त्व म्हणतात. तिथलं सरकारच परवानगी देतं.’

‘सरकार देते?’

‘सत्त्वाला कुठे बंदी असते?’ मी म्हणालो. बाबांना ऐकू जावं म्हणून मीही जरा मोठ्यानंच म्हणालो.

तिनं ‘सत्त्व’ हा शब्द एकदा स्वतःशी म्हणून पाहिला. विचार करत होती. मग हळूच सांगायला लागली की तिच्या गेलेल्या म्हाताऱ्याचं अजून करायचं राहिलं आहे. त्यांच्यात मेलेल्या माणसाला पूर्वजांत नेऊन मिळवावं लागतं. त्या दिवशी मोहाची पहिली धार त्याच्या नावानं भुईवर सोडायची, मग बाकीच्यांनी घ्यायची. तोपर्यंत तो बिचारा बाहेरच बसलेला असतो, आत कोणी घेत नाही. ‘त्यानंच येचलेली फुलं हायेत घरी. मागल्या सालची. वाळवून ठेवली होती त्यानं.’ मी हं, हं करत होतो. माझं सगळं लक्ष बाबांच्या पाठीकडे होतं. ती उठून केव्हा एकदा जाते, असं मला झालं होतं.

वस्तीवरची माणसं दारू काढायची ती लांब जंगलातल्या नाल्यात, लपून. बुढीनं तिची चूल मांडली घरापुढच्या अंगणात, दिवसाढवळ्या, बाजाराच्या दिवशी. कारण ती दारू काढतच नव्हती, सत्त्व काढत होती. आणि तसं तिला विलायत पाहून आलेल्या माणसानं सांगितलं होतं.

बाजाराच्या बंदोबस्तासाठी त्या दिवशी बाहेरून एक जमादार आला होता. धूर पाहून तो वस्तीवर गेला, आणि मडकं तिच्याच डोक्यावर देऊन तिला चावडीपर्यंत चालवत आणलं. मागे अर्धा बाजार. पंचनाम्याला दोन पंच लागत. एक शाळेचे हेडमास्तर होते. दुसरे म्हणून बाबांना बोलावणं आलं, तर बाबा उठता उठता परत बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘माह्या पोराले न्या. रसायन शिकून आला हाये तो. नुसत्या वासानं सांगन.’ आणि दुकान तसंच उघडं टाकून मागोमाग पाहायला आले.

चावडीच्या ओट्यावर मडकं होतं, शेजारी बुढी उकिडवी बसली होती. घाबरलेली दिसत नव्हती. मला पाहून तिला जरा बरंच वाटलं असावं, कारण तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

‘दारू हाये न ही?’ जमादारानं तिला विचारलं.

‘नाई जी. सत्त्व हाये. मोहाचं.’

लोक असे हसले की हेडमास्तरांनाही हसू आवरेना. जमादारानं तोंड गंभीर करून विचारलं, ‘असं? आन हे सत्त्व कोनी शिकवलं तुले?’

तिनं माझं नाव घेतलं नाही. ‘या बाबूले विचारा,’ एवढंच म्हणाली. ‘त्यायले सारं मालूम हाये.’

‘क्यों साहब?’ जमादार माझ्याकडे वळला. ‘सांगा.’

बाबा समोरच उभे होते, टोपी नीट करत. त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मी पुन्हा कधी पाहिला नाही. मला एकच वाक्य बोलायचं होतं. तो शब्द मी दिला, मी जिथे गेलो होतो तो दारूचाच कारखाना होता, तिथे मी दोन पेले प्यालो, आणि ही बाई करते तेच ते लोक करतात, तेही अर्धंच. त्यानं ती सुटली असती असं नाही. कायदा कायदाच होता. पण कोणी हसलं नसतं. मूठभर फुलांची, मेलेल्या नवऱ्यासाठी काढलेली ती दारू होती. हे कोणी शिकलेल्यानं मध्ये पडून सांगितलं असतं, तर जमादारानं कदाचित समज देऊन सोडलंही असतं. त्या काळात असं होत असे.

मी मडक्यावर वाकलो. तोच वास. परमुलखात ज्याच्यासाठी माझे डोळे भरून आले होते, तोच.

‘दारूच आहे,’ मी म्हणालो. आणि कोणी विचारलं नसताना पुढे म्हणालो, ‘मोहाची. चांगली कडक.’

हे दुसरं वाक्य मला आजही झोंबतं. पहिलं भीतीनं निघालं, असं मी स्वतःला सांगू शकतो. दुसरं नुसत्या शेखीनं निघालं. लोकांनी माना डोलावल्या. जमादारानं कागद पुढे केला, आणि पाहुण्यांच्या वहीत केली होती तशीच, त्याच पेनानं, मी सही केली.

एक बाटली पुराव्यासाठी भरून घेतली. उरलेलं ओतून टाकायचं होतं. जमादारानं मडक्याला हात घातला तशी बुढी पहिल्यांदाच उठली.

‘साहेब, मले ओतू द्या. त्याचं नाव घेऊन ओततो. मंग चला कुठं न्याचं तिथं.’

जमादाराला ते कळलंच नाही. तो बाहेरचा होता. त्याला वाटलं, ही पुन्हा काहीतरी नाटक करते आहे. मला कळलं होतं. त्या सगळ्या गर्दीत ते फक्त मला कळलं होतं. ‘साहेब, तिला ओतू द्या,’ म्हणायला ना इंग्लंड लागत होतं ना रसायनशास्त्र, आणि बाबांनाही त्यातून काही समजलं नसतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून पेनाचं टोपण लावत होतो. जमादारानं मडकं चावडीमागच्या गटारात पालथं केलं, जिथे बाजाराचे बैल बांधलेले असत. म्हाताऱ्यानं वेचलेली फुलं त्या मुतात गेली.

जेवताना बाबांनी विचारलं, ‘तुले वासानंच कसं समजलं रे?’

‘शास्त्र असतं ते,’ मी म्हणालो.

त्यांनी भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग जेवायला लागले. दुसऱ्या दिवशी जव भिजवलेले नव्हते. ते पांढरं पाणी त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही. देवामागचं पत्र पेटीत गेलं. मामाला ओसरीवरून हाकलणाऱ्या त्या माणसानं मला एका शब्दानं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. ते पुढे वीस वर्षं जगले. पत्र फेकलं मात्र नाही. का नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

बुढीला तुरुंगाची शिक्षा झाली. ती परत आली तेव्हा कापसाची बोंडं फुटायला लागली होती. मी दुकानात एकटाच होतो. ती निम्मी झाली होती. येऊन आपली नेहमीच्या जागी, गोणपाटापाशी टेकली, जणू आदल्या दिवशीच येऊन गेली होती. मीठ मागितलं. मी मोठ्ठी पुडी बांधली. दोरा दोनदा सुटला. शिव्या घालेल, रडेल, काहीतरी करेल, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर तिनं ते करावं, अशी माझी इच्छा होती.

‘बाबू, एक विचारू?’

‘विचार ना, माय.’

‘तिथं बसल्या बसल्या मी लय विचार केला. त्या सत्त्वात ते लोक अजून काहीतरी टाकत असतीन. तुमी मले सांगाले भुलले असान. म्हून माह्यी दारू झाली.’

मी तिच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली. टोमणा शोधला. सापडला असता तर माझी सुटका झाली असती. ती खरंच विचारत होती. एवढे महिने बसून तिनं चूक शोधली होती, आणि ती तिला स्वतःच्या हातात सापडली होती. अजूनही वेळ होती. दुकानात कोणी नव्हतं, बाबा नव्हते, जमादार नव्हता.

‘हो माय,’ मी म्हणालो. ‘विसरलो.’

‘होते बाप्पा असं,’ ती म्हणाली. पुडी पदरात बांधली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. ‘म्हाताऱ्याले सांगतो तसं. बाहेरच बसला हाये तो अजून.’